चरफड कशी थांबेल? (दासबोध, दशक 11, समास 3)

जय जय रघुवीर समर्थ!

आजचं वाचन: दासबोध, दशक अकरावा, समास तिसरा – सिकवण निरूपण.
आजचा विषय: रोजच्या जगण्यातली शिस्त आणि मनावरचा ताण.

दासबोधात 20 दशक आहेत, प्रत्येकात 10 समास, म्हणजे एकूण 200 समास. त्यांत ब्रह्मनिरूपण आहे, माया आहे, भक्तीचे नऊ प्रकार आहेत. पण अकराव्या दशकातला हा छोटा समास वाचताना वाटतं, की समर्थ थेट आपल्या सोमवार सकाळबद्दल बोलतायत. उठावं कधी, उठल्यावर काय करावं, कामावर लक्ष कसं ठेवावं, जेवण झाल्यावर काय करावं, असा अख्खा दिवस इथे आहे. शिवाय ताणाचं मूळ कुठे आहे, हेही त्यांनी एकाच ओवीत सांगून टाकलंय.

आपण आयटीतली, बँकेतली, हॉस्पिटलमधली मंडळी सत्संगाला भेटलो की एक वाक्य हमखास कानावर येतं: "साधना करायची इच्छा आहे रे, पण डोकंच रिकामं होत नाही." म्हणून आज हा समास सावकाश वाचू.

समासात काय आहे?

सुरुवातीलाच समर्थ एक शब्द वापरतात, 'नेमक'. प्रपंच नेमका करावा, त्याबरोबर परमार्थाचा विचारही करावा, म्हणजे दोन्हीकडचं समाधान मिळतं, असा भावार्थ. प्रपंच सोडा असं ते म्हणत नाहीत, तो नेमका करा म्हणतात. नेमका म्हणजे मोजका, वेळच्या वेळी, जागच्या जागी.

मग ते आयुष्याचा हिशोब मांडतात. शंभर वर्षं धरली तरी बालपण नकळत जातं, तारुण्य विषयांच्या मागे जातं, म्हातारपण आजारांत जातं. मग भगवंतासाठी वेळ उरला कुठला? हा हिशोब घाबरवण्यासाठी नाही. वेळ आपोआप शिल्लक राहत नाही, तो बाजूला काढावा लागतो, एवढंच त्यांना म्हणायचंय.

त्यानंतर येतो दिनक्रम. पहाटे उठावं, काहीतरी पाठांतर करावं, जमेल तसं देवाचं स्मरण करावं. स्नान, पूजा, थोडा फलाहार आणि मग आपला कामधंदा. कामात असताना लोकांशी गोड बोलावं. ज्याचा जो व्यवसाय असेल तिथे त्याने खबरदार असावं. हो, 'खबर्दार' हाच शब्द समर्थांनी वापरलाय. आपलं लक्ष नसेल तर एखादं पोरसुद्धा आपल्याला फसवून जाईल, असा इशाराही देतात.

चार क्रिया आणि एक चरफड

आता ती ओवी, जिच्यासाठी मी हा समास पुन्हा पुन्हा उघडतो. तिचा आशय असा: ज्याचं चित्त ठिकाणावर नाही तो चुकतो, फसतो, विसरतो, हातातलं सांडतो. नंतर आठवलं की चरफडतो. आळस आणि दुश्चितपणा यांचं हे रोख फळ आहे, पाहून घ्या.

इथला क्रम बघा. चरफड सगळ्यात शेवटी येते. आपण तिलाच 'स्ट्रेस' म्हणतो आणि तिच्यावरच उपाय करत बसतो: वीकएंडला ट्रिप, रात्री दोन तास रील्स, एखादं मेडिटेशन ॲप. पण समर्थांच्या मते चरफड हे नुसतं लक्षण आहे. तिच्या आधी विसरणं आहे आणि विसरण्याच्या आधी 'दुश्चित' असणं आहे, म्हणजे शरीर एकीकडे आणि चित्त दुसरीकडे.

कामाच्या ओघाने मला एक उपमा सुचते. कॉम्प्युटरचा प्रोसेसर एक काम सोडून दुसऱ्या कामाकडे वळतो, त्याला आपण कॉन्टेक्स्ट स्विच म्हणतो. वळण्याआधी ऑपरेटिंग सिस्टिम पहिल्या कामाची स्थिती मेमरीत नीट लिहून ठेवते: कुठपर्यंत आलो, कोणते आकडे हातात होते, पुढची पायरी कोणती. म्हणून परत आल्यावर काम तिथूनच पुढे सुरू होतं. ही नोंद न ठेवता उडी मारली, तर परत येऊन काही हाती लागणार नाही. आणि मशीन सारखं इकडून तिकडे वळतच राहिलं, तर त्याची ताकद कामापेक्षा वळण्यातच संपते.

आपण दिवसातून शंभर वेळा असे वळतो. कोड लिहिताना मेसेज, मेसेज वाचताना घरचा फोन, फोनवर बोलताना गॅस सिलिंडर बुक करायचा राहिलाय ही आठवण. फरक एवढाच, की आपण नोंद न ठेवताच वळतो. अर्धवट सोडलेली सगळी कामं डोक्यातच उघडी पडून राहतात. मग रात्री अंथरुणावर पडलं की एकेक करून हजेरी लावतात.

समर्थांचा उपाय पुढच्याच ओवीत आहे: म्हणून सावध असावं, मन एकाग्र असावं, म्हणजे जेवण गोड लागतं. मोक्ष मिळेल किंवा सिद्धी मिळेल असं काही नाही, जेवण गोड लागेल म्हणतात! किती साधी कसोटी. दिवसभरात लिस्टमधली किती कामं संपली, याच्यावर शिस्त मोजायची नाही. संध्याकाळी भाकरीची चव लागली का, हे बघायचं.

गावाकडची वही

ही शिकवण पुस्तकात राहत नाही, ती जगता येते, हे मला गावाकडे दिसतं. आमचं गाव मांडवगण फराटा, तालुका शिरूर. भीमेच्या काठचा हा बागायती पट्टा, नदी ओलांडली की दौंड तालुका. चहूकडे ऊस. शहरात राहणाऱ्यांना वाटतं, गावात काय निवांत आयुष्य! पण एका ऊस उत्पादक शेतकऱ्याच्या डोक्यात एका वेळी काय काय असतं, ते बघा.

लागणीची तारीख. आडसाली लागण पावसाळ्यात, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, सुरू जानेवारी-फेब्रुवारीत. आडसाली ऊस दीड वर्षाच्या आसपास उभा राहतो, सुरू साधारण वर्षभर. म्हणजे एकाच वेळी वेगवेगळ्या वयाचा ऊस शेतात असतो, शिवाय खोडवा वेगळा. प्रत्येकाच्या खताची वेळ निराळी. कारखान्याकडे उसाची नोंद लागली का, तोडणीची पाळी कधी, तुटलेला ऊस वेळेत उचलला का. कारण तुटून पडलेल्या उसाचं वजन दर दिवसाला घटतं. दुधाचं बिल. सोसायटीचं कर्ज.

या सगळ्यावर लाइट. शेतीपंपांना थ्री-फेज वीज चक्राकार पद्धतीने मिळत आलीय: एक पाळी दिवसा 8 तासांची, तर दुसरी रात्री 10 तासांची. रातपाळी आली की मध्यरात्री उठून दारं धरायला जायचं. आणि शिरूर, जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यात उसात बिबट्या असतो. रात्री शेतात जायचं तर दोघांनी मिळून, हातात बॅटरी, मोबाइलवर मोठ्याने लावलेलं भजन.

माझे चुलते, त्यांना आम्ही नाना म्हणतो, एक जाड वही ठेवतात. एका पानावर प्रत्येक शेताची लागण आणि खत. दुसऱ्यावर लाइटची पाळी आणि कोणत्या तुकड्याला पाणी भरून झालं. तिसऱ्यावर देणं-घेणं. रोज रात्री जेवणाआधी दहा मिनिटं वही, मग हात धुऊन ताटावर. मी एकदा म्हटलं, "नाना, तुम्हाला तर सगळं पाठच असतं, मग लिहिता कशाला?" ते म्हणाले, "पाठ आहे म्हणूनच लिहितो रे. डोक्यात ठेवून उसात गेलं, तर ध्यान हिशोबात राहतं. रात्री उसात ध्यान उसातच पाहिजे."

नानांनी अकरावा दशक वाचलाय की नाही, मी कधी विचारलं नाही. पण समर्थांचा 'सावध' मला त्या वाक्यात कळला. आपल्याकडे दुश्चितपणाची किंमत म्हणजे फार तर एक चुकलेली मीटिंग. तिथे ती जिवावर बेतू शकते. म्हणून वही ही लक्षात ठेवण्यासाठी नसतेच. लिहून मन मोकळं करायचं आणि समोर आहे तिथे पूर्णपणे हजर राहायचं, यासाठी ती असते.

वारीतली समाज आरती

एका माणसाची वही समजली. पण हजारो माणसं एकत्र चालताना अशी शिस्त कशी राहते? आमच्या भागातल्या लोकांना वारी लांबची नाही. तुकोबांची पालखी पुण्याहून पुढे जाताना दौंड तालुक्यात यवतला आणि वरवंडला मुक्काम करते. हा पालखी सोहळा तुकोबांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 मध्ये सुरू केला. दुसरा मोठा सोहळा आळंदीहून निघणाऱ्या माउलींचा. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी त्याला आजची शिस्त दिली. ते मूळचे शिंद्यांच्या दरबारातले सरदार, त्यामुळे लष्करी नेटकेपणा सोहळ्यात आला तो आजही टिकून आहे. रथापुढे 27 दिंड्या, मागे बाकीच्या, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. कोणी कुठे चालायचं यावर रोज सकाळी चर्चा होत नाही. एकदा ठरलं ते ठरलं. त्यामुळे चालणाऱ्याच्या मनात नाम राहू शकतं.

मला सगळ्यात जास्त भावते ती समाज आरती. संध्याकाळी पालखी तळावर पोचते. सगळ्या दिंड्या भोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चालू असतो. मग चोपदार हातातला चोप उंच करतात आणि क्षणात एवढा मोठा समाज शांत होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार आहे, ती टाळ वाजवणं थांबवत नाही. शांततेत तेवढाच टाळ ऐकू येतो. चोपदार तिथे जातात, काय अडलं ते विचारतात, तक्रार ऐकली जाते. हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. उद्या पालखी किती वाजता निघणार, ते जाहीर होतं. आणि मग आरती.

आपल्या ऑफिसमध्ये रोज सकाळी स्टँड-अप असतो: काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. समाज आरती त्याच्याही पुढे जाते. आधी तक्रार, मग आरती. मनात किल्मिष ठेवून देवासमोर उभं राहायचं नाही. हरवलेल्याचा घोर आणि उद्याची धास्ती तिथेच खाली ठेवायची आणि रिकाम्या हातांनी ओवाळायचं.

आणखी एक गोष्ट. तक्रार असलेल्या दिंडीला ओरडावं लागत नाही. तिच्यासाठी बाकीचे सगळे गप्प होतात. आपल्या घरात, टीममध्ये असा एक क्षण असतो का, जेव्हा ज्याचं अडलंय त्याचाच आवाज ऐकू येतो?

आपल्या दिवसात कसं आणायचं?

समास, वही आणि वारी, तिन्ही मिळून मला पाच गोष्टी दिसतात. सगळ्या एकदम सुरू करू नका. एक निवडा आणि आठवडाभर करून बघा.

1. पहाटेचं पाठांतर फोनच्या आधी. समर्थांनी स्मरण कामाच्या आधी ठेवलंय. एक श्लोक, एक ओवी, हरिपाठातला एक अभंग पुरे. दिवसाचा पहिला शब्द कोणाचा असावा, देवाचा की नोटिफिकेशनचा, एवढाच प्रश्न आहे.

2. एकच वही. कागदाची असो वा फोनमधली, पण एकच. पाच ॲप्समध्ये विखुरलेली यादी म्हणजे पाच ठिकाणी हरवलेलं मन. मनात आलं की लिहा, आणि जे करत होतात तिकडे परत वळा.

3. वळण्याआधी एक ओळ. काम अर्धवट सोडून उठताना फक्त पुढची पायरी लिहा: 'यानंतर अमुक फाइल तपासायची', 'आईला रिपोर्टबद्दल विचारायचं'. दहा सेकंद लागतात. परत आल्यावर शोधत बसावं लागत नाही, आणि मधल्या वेळेत ते मागेही लागत नाही.

4. ठरलेलं पुन्हा ठरवू नका. दिंडीच्या क्रमांकासारखं. देवपूजेची वेळ, डब्याचा दिवसवार, बिलं भरायचा वार, चावीची जागा. रोज नव्याने निर्णय घेणं हेही ओझंच आहे. ते जितकं कमी, तितकं मन नामाला मोकळं.

5. झोपण्याआधी घरची समाज आरती. दिवा लावून पाच मिनिटं. आज काय राहिलं ते लिहायचं, कोणाबद्दल राग असेल तर तो शब्दांत मांडायचा, उद्या किती वाजता निघायचं ते ठरवायचं. मग आरती. घरात चार माणसं असतील तर चौघांनी मिळून. आज कोणाचा टाळ वाजतोय, ते आधी ऐका.

वहीने न सुटणारं

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नाहीतर हे सगळं गोड प्रवचन होऊन बसेल.

नानांची वही कितीही नेटकी असली तरी तिने रातपाळी टळत नाही. ती टळायला शेताला दिवसा वीज मिळावी लागते. शेतकरी ती मागणी वर्षानुवर्षं करतायत, आणि ती रास्त आहे. तसंच, तीन माणसांचं काम एकाच्या गळ्यात घातलं असेल तर रंगीत कॅलेंडर करून ते हलकं होत नाही. तिथे 'मी अजून शिस्तबद्ध व्हायला हवं' असं स्वतःला टोचत राहणं चुकीचं. अशा वेळी तोंड उघडून 'नाही' म्हणावं लागतं, मदत मागावी लागते. तक्रार असलेली दिंडी तरी काय करते? टाळ वाजवत राहते. वारीत ते बेशिस्त मानलं जात नाही. शिस्तीनेच तिला तेवढी जागा दिलीय.

आणि आठवडे उलटले तरी झोप येत नसेल, कशातच रस वाटत नसेल, जगणं नकोसं होत असेल, तर ती साधनेतली उणीव समजू नका. घरच्या कोणाशी तरी बोला, डॉक्टरांकडे जा. ताप आल्यावर आपण फक्त अंगारा लावून बसत नाही ना? मग मनाच्या दुखण्याला वेगळा न्याय का?

याच समासात समर्थ पुढे भाग्यवंताचं लक्षण सांगतात: तो एकही क्षण रिकामा जाऊ देत नाही. आपल्याला हे वाक्य फार आवडतं, कारण ते 'प्रॉडक्टिव्हिटी'सारखं ऐकू येतं. पण लगेच पुढे काय आहे ते वाचा. असा माणूस आधी काही मिळवतो आणि मग जेवतो, गुंतलेल्या लोकांना सोडवतो, देह कारणी लावतो. धर्मचर्चा, पुराण, हरिकथा करतो. म्हणजे वाचलेला वेळ आणखी चार कामं कोंबण्यासाठी नाही. आपला गुंता सुटला की दुसऱ्याचा सोडवायचा. रातपाळीला एकट्याने जाणाऱ्या शेजाऱ्याच्या सोबतीला जाणं, नव्या जॉइन झालेल्या मुलीचा अडलेला कोड बघून देणं, आईचा ऑनलाइन फॉर्म शांतपणे भरून देणं. ज्याचं स्वतःचं डोकं भरून वाहतंय, त्याला दुसऱ्याचा गुंता दिसतच नाही. शिस्त हवी ती यासाठी.

त्यानंतर समर्थ विचारतात: असा जो सर्व बाजूंनी सावध आहे, त्याला खेद कुठला? सावध माणसावर संकटं येत नाहीत, असं ते म्हणत नाहीत. पाऊस लांबेल, दर पडेल, प्रोजेक्ट बंद होईल. दुःख होईल. पण 'मी तेव्हा तिथे नव्हतो, माझं लक्षच नव्हतं' ही चरफड त्याच्या वाट्याला येणार नाही.

आजचा संकल्प

आज रात्री जेवायला बसण्याआधी एका कागदावर डोक्यातलं सगळं उतरवा. क्रम लावू नका, सुबक लिहू नका, फक्त उतरवा. कागद घडी करून देवाजवळ ठेवा. मग फोन दुसऱ्या खोलीत ठेवून जेवा. पहिल्या घासाची चव नीट घ्या.

प्रार्थना

हे रामराया, जे काम हातात दिलंस त्यात माझं चित्त राहू दे. जे राहून गेलं ते लिहून ठेवण्याचा नेम दे, आणि जे माझ्या हातात नाही ते तुझ्या पायाशी ठेवण्याचं धैर्य दे. माझा गुंता सुटू दे, म्हणजे शेजारच्याचा टाळ मला ऐकू येईल.

जय जय रघुवीर समर्थ!